पुसण्याचे ओरखडे

मोटारीच्या आतला काळा चकाकता भाग शोरूममध्ये पाहावा, तिरोड्यात पाहू नये. शोरूममध्ये काचेची दारं लावलेली असतात, एसी चालू असतो आणि गाडी अजून कुणाची झालेली नसते. गिअरभोवतीची पट्टी, स्क्रीनची चौकट, दारावरच्या बटणांची पाटी हे सगळं इतकं काळं आणि गुळगुळीत असतं की वाकून पाहिलं तर स्वतःची मिशी दिसते. सेल्समन त्याला ‘पियानो ब्लॅक’ म्हणतो. घेणाऱ्यानं आणि बहुधा विकणाऱ्यानंही पियानोला कधी हात लावलेला नसतो. पण नाव ऐकलं की किंमत जरा रास्त वाटायला लागते. मग एमएच-35ची पाटी लावून ती गाडी घरी येते आणि पहिला दसरा यायच्या आत त्या काळ्यावर बारीक पांढरं जाळं उमटलेलं असतं.

या जाळ्याची गंमत अशी की ते कुणीच पाडलेलं नसतं. किल्लीचा ओरखडा ओळखू येतो, अंगठीचा येतो, नारळ फोडताना उडालेल्या करवंटीचा तर तारखेसकट सांगता येतो. जाळ्याला साक्षीदार नसतो. आमच्या शेजारच्या काकाजींकडे या जाळ्यावरून घरात रीतसर चौकशी झाली होती. नातवांना दटावून झालं, सुनेच्या बांगड्यांकडे डोळे वटारून झाले, वॉशिंग सेंटरवर एकदा गाडी धुवायला दिली होती त्या पोराचंही नाव निघालं. काकाजी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. तपास अर्धवट सोडायची सवय नाही. सगळी चौकशी चालू असताना त्यांच्या हातात ते पिवळं फडकं होतं. गाडी घेतल्यावर जे पिवळं मऊ कापड आपोआप घरात येतं आणि दाराच्या कप्प्यात कायमचं राहायला जातं, ते. बोलता बोलता ते गिअरभोवतीची पट्टी पुसत होते.

कापड मऊ होतं, शंकाच नाही. गालाला लावून पाहा, काही टोचणार नाही. पण ओरखडा कापड पाडत नाही. कापड आणि प्लॅस्टिक यांच्या मध्ये जे सापडतं, ते पाडतं. आणि तिरोड्यात मध्ये सापडण्याजोगं फार काही आहे.

इथली धूळ जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. गोंदिया जिल्हा धानाचा. 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला तेव्हा तलाव, जंगल आणि राइस मिल हा वारसा बरोबर घेऊनच निघाला. दिवाळीच्या आसपास खरिपाचं धान निघतं, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी. मळणीयंत्र लागलं की अख्ख्या शिवारावर एक पिवळसर धूर तरंगतो आणि त्याच्या आसपास अर्धा तास उभं राहिलेल्या माणसाला रात्रभर खाज सुटते. ती खाज काही रोग नव्हे. धानाच्या टरफलात सिलिका असते, म्हणजे वाळू ज्याची बनलेली असते तोच पदार्थ. रोप जमिनीतून पाण्याबरोबर ती ओढतं आणि टरफलाच्या बाहेरच्या कातडीत बारीक उंचवट्यांच्या रूपानं साठवतं. धानाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा टरफलाचा. ते टरफल, आपल्याकडचा भुसा, जाळलं की उरणारी राख त्याच्या पुन्हा पाचवा हिस्सा; आणि त्या राखेत सुमारे 90 टक्के सिलिका. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये बॉयलर याच भुशावर चालतो. मिलवाल्यांना हा खरखरीतपणा पुस्तकातून शिकावा लागत नाही. धान सोलायचे रबराचे रोल त्याच भुशानं झिजत जातात आणि बदलावे लागतात, तो खर्च त्यांच्या वहीत लिहिलेला असतो.

भुशात रस्त्याची धूळ मिसळते. तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात, फुटक्या काचेला असतात तशा धारांचे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञानं 1812 साली कठीणपणाची 1 ते 10 अशी उतरंड लावली. एक दगड दुसऱ्यावर ओढायचा आणि कोण कुणावर रेघ पाडतो ते पाहायचं, एवढीच रीत. त्या उतरंडीत क्वार्ट्झ 7 वर बसतो, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, दातावरचं कवच 5 वर आणि आपलं नख अडीचवर. गाडीतलं चकाकतं प्लॅस्टिक नखाच्या शेजारीपाजारी कुठेतरी. म्हणजे सातव्या पायरीवरचा कण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या पृष्ठभागावर ठेवायचा, वरून मऊ कापड धरायचं आणि मायेनं दाब द्यायचा. याला आपण पुसणं म्हणतो.

तिरोड्याजवळ 660 मेगावॅटच्या 5 संचांचं मोठं औष्णिक केंद्र आहे; 2012 ते 2014 या काळात ते संच एकामागून एक सुरू झाले. त्यामुळे गाडीवरच्या कुठल्याही डागाचं खापर राखेवर फोडायची इथे सोय आहे. मला मात्र या एका प्रकरणात राखेला संशयाचा फायदा द्यावासा वाटतो. कोळशाच्या उडत्या राखेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक गोल दिसतात. वितळून हवेतच थिजल्यामुळे त्यांच्या कडा गेलेल्या असतात. भुशाच्या राखेचे तुकडे आणि रस्त्यावरची भुकटी यांना मात्र कोपरे असतात. ओरखडा पाडायला कोपरा लागतो.

काकाजींना हे सगळं पटायला वेळ लागला, कारण ते पटणं म्हणजे त्यांच्या सकाळवर घाला होता. आपल्याकडे पुसणं हे नुसतं काम नाही. सायकलच्या दांडीपासून रेडिओच्या कपाटापर्यंत जी वस्तू पुसली जाते ती आपली, असा एक अलिखित कायदा आहे. आमच्या आईनं स्टीलच्या कपाटाच्या आरशावरून जाता-येता पदर फिरवला नाही असा दिवस नसेल. सुती पदर, त्यावर पिठाचे कण, चुलीजवळची राख, आणि आरशाला काही होत नसे. काच होती ती. साडेपाच. त्या काळच्या वस्तू या प्रेमाला टिकतील अशाच होत्या: पितळ, काच, शिसवी लाकूड, फार तर सनमायका. पुसणाऱ्याला कधी जाब द्यावा लागला नाही. हा काळा भाग आला आणि पहिल्यांदाच असं झालं की जो जास्त जपतो त्याची गाडी जास्त जुनी दिसते. आमच्याच गल्लीत एक गुत्तेदार आहेत. त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ असते, विड्याची रिकामी पुडी असते, कधी सिमेंटच्या पावत्या. त्यांची काळी पट्टी पावसाळ्यात ओल्या हातानं कुणीतरी साफ केली तेव्हा खालून कोरीकरकरीत निघाली. काकाजींना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

जाळं दिसतं कसं, हाही एक मजेचा भाग आहे. मोबाइलचा टॉर्च लावून पट्टीवर धरलात की प्रकाशाच्या ठिपक्याभोवती गोल गोल वर्तुळं दिसतात. पाहणारा लगेच म्हणतो, गोल गोल पुसल्यामुळे झालं. टॉर्च वीतभर सरकवा. वर्तुळंही त्याच्याबरोबर सरकतात. म्हणजे वर्तुळं प्लॅस्टिकवर नाहीतच. ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले सरळ-वाकडे धागे आहेत. त्यातले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे पडले आहेत तेवढेच आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात. तेवढ्यांची मिळून वर्तुळं होतात. उरलेले तिथेच असतात, दिवा हलायची वाट पाहत.

आणि काळ्यावरच का? पांढऱ्या दारावर असेच ओरखडे असतील, पण पांढरा पृष्ठभाग आधीच चहूकडे उजेड विखुरत असतो. त्यात एका रेघेची भर कोण मोजतो? चकाकत्या काळ्याचं तसं नाही. समोरून आलेल्या उजेडातला जेमतेम 4 टक्के भाग तो आरशासारखा परत पाठवतो, बाकीचा गिळून टाकतो. त्याच्या काळेपणाची सगळी भिस्त या गिळण्यावर. ओरखड्याची कड मात्र गिळत नाही, उडवून लावते. म्हणून केसाहून कितीतरी बारीक रेघ पांढरी ठळक दिसते. खरखरीत, चमक नसलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर, म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांत असायचं तसल्यावर, हे संकट नव्हतं. त्याला दिसायला ‘स्वस्त’ म्हणून हिणवून बदललं गेलं. चकाकत्या काळ्यानं स्क्रीनची कड लपते, बंद स्क्रीन आणि चौकट एकजीव दिसते, साचा एकदा आरशासारखा घासून घेतला की हजारो तुकडे चकाकतच बाहेर पडतात. कारखान्याला सोय, शोरूमला शोभा. ज्याला ती गाडी रोज तुमसर फाट्यापर्यंत न्यायची आहे त्याला कुणी विचारलं नसणार, असा माझा आपला अंदाज.

काकाजींनी शेवटी इलाज करायचा ठरवला. गोंदियाच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण गाड्यांचं पॉलिश करतो. नागपूरला एका वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढून परत आलेला. तो म्हणाला, सकाळी सातला या, नऊनंतर मी हात नाही लावणार. मे महिना होता. आम्ही दोघं गेलो.

त्यानं आधी पट्टीकडे पाहिलं, मग दाराच्या कप्प्यातल्या पिवळ्या फडक्याकडे.

“काकाजी, रोज पुसता का?”

“रोज. सकाळीच.”

“कोरडं?”

“मंग का ओलं करू? आतमंदी बटनं आहेत.”

“तेच तर झालं नं जी,” तो म्हणाला, आणि आणखी काही बोलला नाही. मला त्याचा हा संयम आवडला. पोष्टात चाळीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला त्याच्या फडक्यावरून कुणी किती बोलावं याची त्याला जाण होती.

पहिली बरीच मिनिटं त्यानं पॉलिशला हातच लावला नाही. ब्लोअरनं फटींतली धूळ उडवली. मऊ कुंचल्यानं बटणांच्या कडा झाडल्या, पण कुंचला पट्टीला टेकू न देता. मग मायक्रोफायबरचं कापड ओलं करून ते पट्टीवर नुसतं ठेवलं. घासलं नाही, ठेवलं आणि उचललं. धूळ कापडावर आली. कापड त्यानं चार घड्या घालून घेतलं होतं. एक बाजू झाली की उलटायची, ती झाली की घडी मोडून नवी. वापरलेली बाजू पुन्हा पट्टीला लागू द्यायची नाही. या कापडाचे धागे पॉलिएस्टर आणि नायलॉनचे, उभे चिरून इतके बारीक केलेले की त्यांच्या फटींत कण आत शिरून बसतात. आपलं सुती फडकं कण पोटात घेत नाही, पुढे ढकलत नेतं; ओरखड्यांना वाट मिळते ती तिथे. मायक्रोफायबर धुतानाही कपड्यांना मऊ करणारं ते सुगंधी द्रव त्यात टाकायचं नाही, फटी बुजतात. जमिनीवर पडलं की मग ते कापड टायरसाठी. हा नियम त्यानं सांगितला नाही. त्याच्या हातून एक निसटून पडलं तेव्हा त्यानं ते न पाहता टायरच्या बादलीत टाकलं.

नंतर बटणांच्या आणि क्रोमच्या कडांवर मास्किंग टेप. नंतर पट्टीचा असा एक कोपरा निवडला जो आर्मरेस्टखाली झाकला जातो. तिथे, तीन बोटांच्या टोकांवर मावणाऱ्या फोमच्या तुकड्यावर धानाच्या दाण्याएवढं पॉलिश घेऊन, त्यानं आधी प्रयोग केला. कारण सगळी काळी चमक एक नसते. एखाद्या गाडीत ते काळं एबीएस प्लॅस्टिक असतं, एखाद्यात ॲक्रिलिक, एखाद्यात प्लॅस्टिकवर रंग आणि वर पारदर्शक लेप. वरून तिन्ही सारखीच दिसतात. एक पॉलिशनं उजळतं, दुसरं त्याच पॉलिशनं धुकट होतं. फोमवर काळं उतरलं तर रंग नागडा आहे, वर लेप नाही, हे कळतं. यंत्र त्यानं वापरलं नाही. “मशीननं पाच मिनिटाचं काम आहे, पन प्लॅस्टिक तापते,” तो म्हणाला. खरंच आहे, लोखंडावर घासल्याची उष्णता क्षणात पसरून जाते, प्लॅस्टिक ती जिथल्या तिथे धरून ठेवतं, आणि त्या एवढ्याशा जागेत पृष्ठभाग मऊ पडून ओढला जातो. नऊनंतर हात न लावण्याचं कारणही हेच. उभ्या गाडीत तिरोड्याचा मे महिना निम्मं काम आधीच करून ठेवतो.

त्याचा हात गोल फिरत नव्हता. आडवा, सरळ, एका दिशेनं, मग उभा, जोर एवढाच की फोम दबल्याचं जेमतेम दिसावं. दर थोड्या वेळानं थांबून पुसायचं, टॉर्च धरायचा, डोळा तिरका करायचा. मला वाटलं होतं की ओरखडे एकेक करून नाहीसे होतील. तसं होत नाही. आधी सगळी पट्टीच किंचित दुधाळ होते, काकाजींचा जीव वर-खाली होतो, मग पुढच्या बारीक पॉलिशनं तो दुधाळपणा जातो आणि त्याच्याबरोबर जाळंही विरत जातं. पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते. मोसच्या उतरंडीवर 9. म्हणजे ज्या धुळीनं घाण केली तिच्याहूनही कठीण. फरक एवढाच की हे कण चाळून सारख्या मापाचे केलेले असतात, आणि काहींत तर ते घासता घासता फुटून आणखी बारीक होत जातात. ओरखड्यावर ओरखडेच पाडायचे, फक्त डोळ्याला दिसणार नाहीत एवढे बारीक.

ओरखडा ‘काढला’ असं आपण म्हणतो, पण ओरखडा म्हणजे काही चिकटलेली वस्तू नव्हे. तो खड्डा आहे. बांधीत पाण्यानं नाली पाडली तर आपण माती टाकून ती बुजवतो. इथे टाकायला माती नाही. नाली आहे तशीच ठेवायची आणि उरलेली सगळी बांधी खरवडून तिच्या तळापर्यंत खाली आणायची, एवढा एकच उपाय. म्हणून पॉलिश हे दर वेळी थोडं प्लॅस्टिक घेऊन जातं. वर पारदर्शक लेप असेल तर त्याची जाडी केसाएवढीही नसते. किती वेळा खरवडणार?

हे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला समजायला अवघड जाऊ नये. ‘पॉलिश’ हा शब्द इथे गाडीच्या कितीतरी आधी राइस मिलमध्ये राहायला आलेला आहे. धान सोललं की आतून तपकिरी दाणा निघतो. त्याला पॉलिश करायचं म्हणजे वरचा कोंढा घासून काढायचा. दाणा पांढरा, चकचकीत होतो आणि वजनानं हलका. चकाकी वर चढवलेली नसते, काहीतरी उतरवून मिळालेली असते. काय उतरवलं हे कळायला जगाला बराच वेळ लागला. डच वैद्य क्रिस्तियान आइकमान जावा बेटावर बेरीबेरीचं कारण शोधत होता. 1890च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की पांढरा पॉलिश केलेला भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंढ्यासकटच्या तांदळावर त्या बऱ्या होतात. घासून टाकलेल्या त्या पापुद्र्यात जीवनसत्त्व बी-1 होतं. 1929 साली त्याला नोबेल मिळालं. उसना तांदूळ इथे जरा हुशार निघाला: धान टरफलासकट उकडलं की ते सत्त्व पापुद्र्यातून दाण्याच्या आत मुरतं, मग वरून घासलं तरी सगळं जात नाही. सोनाराच्या दुकानात दागिना उजळतानाही असंच. फरक हा की तिथे जे झडतं त्याची किंमत असते, म्हणून दुकानाची धूळ धुऊन सोनं वेचणारा झारेकरी हा स्वतंत्र व्यवसायच आपल्याकडे होऊन गेला. काकाजींच्या पट्टीवरून उतरलेल्या काळ्या पाण्याला कुणी विचारणार नव्हतं. त्या पोरानं ते कापड पिळून बादली नालीत रिकामी केली.

पण अर्धं कौशल्य पुढे होतं. जाळ्यातले बहुतेक धागे गेले तेव्हा चार रेघा उरल्या, खोल, किल्लीच्या असाव्यात. नखाचं टोक त्यांत अडकत होतं. काकाजी म्हणाले, याही काढ. तो म्हणाला, “नाही काढत. हे काढासाठी जेवढं घासा लागन तेवढं खाली काही नाही.” याच जागी दुसऱ्या कुणी भरणाऱ्या ग्लेझचा हात मारला असता. त्यात तेल आणि मेण असतं, ते रेघांत बसून काळं दिसतं, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं, आणि दोन-तीन वेळा ओलं पुसलं की रेघा पुन्हा हजर. ही फसवणूक मानावी का, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. विकायच्या गाडीला लावलं तर फसवणूक. स्वतःच्या गाडीला, लग्नाच्या वरातीपुरतं लावलं तर पावडर-कुंकू.

घरगुती उपायांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. टूथपेस्टनं ओरखडे जातात हे ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्यानं ती स्टीलवर लावून पाहिली असेल. पेस्टमधली पूड दाताच्या कवचासाठी नेमलेली. प्लॅस्टिकपुढे ती दांडगाई. खोबरेल तेलानं आठवडाभर शोभा येते आणि मग त्या तेलाला सगळ्या रस्त्याची धूळ येऊन चिकटते. काच पुसायचा अमोनियाचा निळा फवारा ॲक्रिलिकवर मारू नये. आणि 2020 साली आपण सगळ्यांनी भीतीपोटी गाडीत ज्या सढळ हातानं सॅनिटायझर उडवलं, त्यानं काही गाड्यांच्या चकाकत्या भागात कडेकडेनं केसासारख्या भेगा आल्या, त्या ओरखड्यासारख्या दिसतात पण पृष्ठभागाच्या आत असतात. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकला अल्कोहोल सोसत नाही. त्यांना पॉलिशचा उपाय नाही.

ही काळ्या चकाकीची हौस तशी नवी नाही, आणि तिच्या मुळाशी आपल्याकडचं जंगल थोडं तरी आहे. जपान-चीनमधली काळी लाखी भांडी सतराव्या शतकात युरोपात गेली तेव्हा तिथल्यांना वेड लागलं. त्यांच्याकडे ते झाड नव्हतं, त्या झाडाचा चीकही नव्हता. मग नक्कल करायला त्यांनी लाख वापरली. लाख म्हणजे पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्याचा स्राव. गोंदियाच्या बाजारात डिंक आणि लाख यांचा व्यापार जुना. फाल्गुनात पळस फुलला की इथलं रान दुरूनही ओळखू येतं. त्याच लाखेचे पातळ पापुद्रे दारूत विरघळवून पेट्या, मेजं, वाद्यं यांवर थरावर थर घासले जात. फोर्डच्या मॉडेल-टी मोटारी 1914 ते 1925 फक्त काळ्या निघाल्या. त्यांचा काळा रंग डांबराच्या जातीचा, भट्टीत भाजलेला. ते काळं कसं दिसे माहीत नाही, पण टिके म्हणतात. आज पियानोवरही लाख नसते, पॉलिएस्टरचा जाड थर असतो. आणि गाडीत तर पियानोचं फक्त नाव आहे.

लाखेची सगळ्यात नवलाची वस्तू मात्र ग्रामोफोनची तबकडी. भारतात 1902 साली कोलकात्यात ध्वनिमुद्रणं सुरू झाली, 1908 मध्ये सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. ती 78 फेऱ्यांची काळी चकाकती तबकडी निव्वळ लाखेची नसे. लाख हा बांधणारा गोंद, आणि त्यात मुद्दाम दगडाची पूड मिसळलेली. कारण पोलादी सुई. सुई पहिल्या काही फेऱ्यांत त्या खरखरीत पुडीवर घासून खाचेच्या मापाची व्हावी, म्हणून तबकडीतच तिला झिजवायची सोय केलेली. एक बाजू वाजली की सुई फेकायची. बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं की या दोघांत कुणी झिजायचं, आणि स्वस्त होती ती वस्तू पुढे केली. गाडीच्या पट्टीबाबत असा विचार कुणी केल्याचं दिसत नाही. इथे महाग वस्तू झिजते आणि वीस रुपयांचं फडकं शाबूत राहतं.

काम झाल्यावर पोरानं विचारलं, फिल्म लावून देऊ का? पारदर्शक, पॉलियुरेथेनची, बारीक ओरखडा पडला तर गरम हवेनं आपोआप भरून येते, आणि फारच झालं तर ती सोलून दुसरी लावायची, पट्टी कोरी. काकाजी हसायला लागले. कारण ही फिल्म त्यांच्याकडे होती. नव्या गाडीच्या सगळ्या काळ्या भागांवर कारखान्यातूनच पातळ पापुद्रा लावलेला येतो, आणि तो न काढणाऱ्यांना आपण आजवर हसत आलो. सीटवरचं प्लॅस्टिक वर्षभर न काढणारे, टीव्हीचा रिमोट पिशवीत घालून वापरणारे आपलेच मामा-काका. त्यांचा विचार बरोबर होता, माल चुकीचा होता. तो पापुद्रा प्रवासापुरता असतो. दोन उन्हाळे अंगावर घेतले की त्याचा गोंद कडक होतो, कडा वळतात, त्यांत धूळ भरते, आणि काढायला गेलं तर टाचणीएवढे तुकडे निघतात.

“गरम हवेनं भरते म्हणतोस,” काकाजींनी विचारलं, “ती हवा तू देशील का?”

“द्याची गरज नाही जी. गाडी उन्हात ठेवा.”

भाव ठरवायला त्यांना बराच वेळ लागला. गिअरभोवतीच्या पट्टीला फिल्म लावायची ठरली, कारण हात तिथेच जातो. स्क्रीनच्या चौकटीला नको, दाराच्या पाट्यांना नको. चार खोल रेघा फिल्मखाली आहेत तशाच राहिल्या. एक मायक्रोफायबरचं कापड काकाजींनी रोख पैसे देऊन घेतलं, दुसरं त्यानं त्यांना तसंच दिलं. पिवळं फडकं आता त्यांच्या सायकलला असतं.